पाहुण्यांची यादी

अल्टामाउंट रोडच्या चढावर, दोन मजली बंगल्यात
एका छोट्या देशाची मी अठरा वर्षं टायपिस्ट होते.
देश एवढासा, की भिंतीवरच्या नकाशात
त्याचं नाव त्याच्यात मावत नसे,
शेजाऱ्याच्या हद्दीत सांडे.

परराष्ट्र धोरण मला कुणी समजावलं नाही.
ते यायचं कार्बन कागदांतून.
आठ सप्टेंबरच्या मेजवानीची यादी:
गोदी कामगारांचे दोघे, शांतता समितीचे चौघे,
धारावीचे एक चामडेवाले, जे बूट पाठवत
आणि बदल्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग घेत,
सगळं रुपयांत, डॉलरचं नाव न काढता.
आणि शेवटी, दरवर्षी,
कॉम्रेड भिकाजी पडवळ, करी रोड. सपत्नीक.

पडवळ एकदा पंधरा दिवस तिकडे जाऊन आले होते,
सूतगिरणी बघायला.
तेव्हापासून त्या देशाला ते ‘आपल्याकडे’ म्हणत.
‘आपल्याकडे पाळणाघर गिरणीतच असतं हो बाई.’

मग एका डिसेंबरात तिकडे काहीतरी झालं.
आम्हाला कळलं टेलेक्सवरून, एका ओळीत:
नावातले दोन शब्द यापुढे वापरू नयेत.
जुने लिफाफे चार हजार. नवे छापायला पैसे नव्हते.
मी आणि ड्रायव्हर इनास तुस्कानो
पट्टी घेऊन बसलो, ‘जनता’ आणि ‘समाजवादी’ खोडत.
संध्याकाळी बोटं निळी.
इनास म्हणाला, पगार त्याच नावाने येणार ना?

तसबीर गेली, खिळा राहिला.
नवे वाणिज्यदूत त्यावर कोट अडकवत.
वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, बोलायला गोड.
‘मैत्री’ नावाची एक जाडजूड फाइल होती,
तिच्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवायला लावली: ‘गुंतवणूक’.
आतले कागद तेच.
ज्या खिडकीतून शिष्यवृत्तीचे अर्ज फुकट वाटले
तिथे आता पासबुक दाखवा, परतीचं तिकीट दाखवा.
मला राग नाही आला.
मोठ्या घराशी सोयरीक जुळवताना
माणसं जुन्या ओळखी मागच्या खोलीत बसवतातच.

नवी यादी: नरिमन पॉइंटचे तीन दलाल,
औषध कंपन्या, जहाजवाले,
आणि ज्यांना आम्ही पूर्वी नमस्कारही करत नव्हतो
त्या वकिलातींतले झाडून सगळे.
दिवसही नवा, तीन फेब्रुवारी.
‘पडवळ?’ मी विचारलं.
‘हे कोण?’ साहेबांनी खरंच कुतूहलाने विचारलं.
मला इंग्रजीत वाक्य जुळेना.

आठ सप्टेंबर आला, कॅलेंडरवरचा साधा मंगळवार.
साडेसहाला मी कुलूप लावत होते,
फाटकाशी पडवळ.
खळीचा सदरा, पेपरात गुंडाळलेला निशिगंध.
बाई मार्चमध्ये गेल्या. गिरणी त्याआधीच.
बागेत दिवे नाहीत हे त्यांनी पाहिलं.
‘लवकर आलो का मी?’

मी कुलूप काढलं.
कोठारात खोक्यात जुने कप होते,
गव्हाची लोंबी, दातेरी चाक, मधे तारा;
फेकून द्या म्हणाले होते, मी विसरले होते.
त्यात चहा दिला.
पडवळांनी कप फिरवून चाकावर अंगठा फिरवला.
‘आपल्याकडे आता कसं आहे?’

त्या सकाळीच मी टाइप केलं होतं
की आम्ही कुठल्या कुठल्या करारांतून बाहेर पडतोय,
कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभे आहोत.
म्हटलं, ‘थंडी सुरू झाली असेल.’
‘हो,’ ते म्हणाले, ‘सप्टेंबरात पडतेच तिथे.’

इनासने त्यांना गाडीतून सोडलं.
बॉनेटवर नुसती काठी, झेंडा काढून ठेवलेला.

भेटी आल्या की वहीत नोंद करावी लागे:
काय, कुणाकडून, कोणत्या देशाचे.
मी लिहिलं: निशिगंध, बारा काड्या. भिकाजी पडवळ.
तिसऱ्या रकान्यात
त्या देशाचं नाव लिहिलं, जुनं, लांबलचक,
ते दोन शब्द धरून.
शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.