खिडकीच्या जागी

स्कूटरवर पायांपाशी फ्लॅशची पेटी,
पाठीवर घडी घातलेला सॉफ्टबॉक्स, स्टॅण्डचे पाय बाहेर.
गोळीबार चौकात हवालदारानं हटकलं,
मॅडम, कुठं तंबू ठोकता काय?
हो म्हटलं. एका माणसापुरता.

एप्रिल. चव्वेचाळीस.
बॅटऱ्या डब्याच्या पिशवीत,
थंडगार ताकाच्या बाटलीला टेकवून आणलेल्या;
तापल्या की त्याही माणसासारख्या हट्टाला पेटतात.

दुर्पताबाई निखाऱ्यांची खोली दहा बाय बारा.
मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली आहे,
तेवढाच चौकोन वेगळ्या रंगाचा.
नातवानं, प्रज्योतनं, बोलावलं होतं:
आजीचा एक तरी फोटो
आधार कार्डासारखा नसावा.

आधी कूलर बंद करावा लागला,
नाहीतर सॉफ्टबॉक्स उडून शेजारच्या मोरीत गेला असता.
वाळूची पिशवी मी घरीच विसरले होते, म्हणून स्टॅण्डला
पाच किलो कणकेची थैली बांधली.
बाईंनी सगळ्याला एक फेरी मारली.
याची वायर कुठी हाये?
वायर नाही, पोटात बॅटरी आहे.
मंग चालते किती?
साडेतीनशे फोटो.
एवढं तोंड नाही माहं, म्हणाल्या, आणि बसल्या.

मी उजवीकडून उजेड दिला,
थोडा वरून, नाकाची सावली गालावर उतरेल असा.
बाई डावीकडे वळल्या.
इकडे बघा. बघितलं.
मान पुन्हा डावीकडे,
पाणी उताराला जातं तशी.
डावीकडे भिंत. भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर.
चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा माझा आवाज चढला
आणि प्रज्योत हळूच म्हणाला,
तिथं खिडकी होती.

शेजाऱ्यानं दोन मजले चढवले तेव्हा विटांत गेली.
माग होता तवा, बाई म्हणाल्या,
सूत त्याच अंगानं दिसे.
एकेचाळीस वर्सं.

मी कॅलेंडर उतरवलं. सगळा तंबू उचलून,
कणकेसकट, भिंतीशी नेला.
अजून खाली, बाई सांगू लागल्या. अजून. हं.
एवढा टकटकीत नाही बाप्पा, भादव्यातला करा.
भादव्यातला म्हणजे मी दोन खटके कमी केले.
मग अर्धा आणखी.

आता बसतील म्हणून मी कॅमेरा डोळ्याला लावला,
तर त्या उठल्या, ट्रंक उघडली,
आणि एक हिरवं लुगडं घेऊन आल्या.
गांधीबागच्या शेठनं परत फिरवलं होतं हे,
दोष हाये म्हणून.
वीस वर्सं मी त्याले चोर म्हणत आली.

मांडीवर पदर पसरला. अंगठा आणि बोट
काठापासून आत सरकत गेले,
थांबले, मागे आले.
पुन्हा थांबले.

अगा माय. खरंच हाये की.

आणि हसल्या, एका बाजूला दात नाहीत
ते उघडं टाकून, सगळ्या खोलीत हसल्या.
मी बटण दाबलं. फ्लॅश अजून भरत होता.
जळला नाही.
पेटीतला नुसता छोटा पिवळा दिवा,
त्यात आलं तेवढं आलं:
हललेला हात, एक डोळा अंधारात,
लुगड्याचा हिरवा रंग तपकिरी.

नंतरचे साठ फोटो चांगले आहेत.
सुरकुती न् सुरकुती मोजता येते, डोळ्यांत चौकोनी खिडकी चमकते,
ते मी इतरांना नमुना म्हणून दाखवते.
प्रज्योतनं चौकट केली ती त्या हललेल्या फोटोची.

सामान आवरताना बाई जवळ आल्या,
पेटीवर हात ठेवून. गरम होती अजून.
भाड्यानं भेटते काय हे?
फोटोसाठी नाही.
ट्रंकेत आणखी तीन हायेत
त्यानं परत केलेले.