पेग

नववीत असताना शाळेच्या डिक्शनरीत
(तिची मागची पानं गळालेली,
एसच्या पुढं इंग्रजी संपायचं)
मी पेग शोधला.
बाबा रोज आईला म्हणायचे,
"एकच पेग घेतला वं, तुह्या गळ्याची आन."

पहिला अर्थ : खुंटी.
दुसरा : तंबूची मेख.
दारूचं माप पाचव्या नंबरवर,
बारीक टायपात.

आमचा जिल्हा कोरडा.
दारू वर्धा नदीच्या पल्याड, टिनाच्या शेडात.
डोंग्यातून जाताना माणसं मोठ्यानं बोलायची,
येताना तिमाजी ढिवर त्यांना मोजून उतरवायचा.

अर्थ सांगितला तेव्हा
बाबा जुवाच्या शिवळा तासत होते.
वाकस थांबला.
"म्हंजे इंग्रजाची दारूबी सुताराच्याच हातची?"

गुरुजींनी पुढचंही सांगितलं होतं,
खरं-खोटं त्यांनाच ठाऊक :
तिकडं म्हणे सगळे एकाच भांड्यातून प्यायचे,
आत वरून खाली खुंट्या ठोकलेल्या.
एका खुंटीपुरतं प्यायचं,
भांडं पुढच्याला द्यायचं.

"आन् पुढचा कोनी नसला त?"
हे गुरुजींना विचारायचं
माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या रात्री त्यांनी सागाचा ओंडका पोखरला.
आत चार खुंट्या, बाभळीच्या.
पंधरा दिवस भांडं डोंग्यातून गेलं, आलं.
बाबा पहिल्या खुंटीवर थांबले,
तिमाजी साक्षीला.
त्या पंधरवड्यात मला चप्पल आली.

मग तान्हा पोळा.
चाकांचे, बेगडी शिंगांचे
सतरा लाकडी बैल विकले गेले.
संध्याकाळी भांडं भिंतीवरच राहिलं.
"खुंटा बैलायसाठी असते,"
बाबा दारातून म्हणाले.
आई चुलीकडं तोंड करून :
"बैल त सांजच्याले घरी येते."

भांडं अजून आहे.
आई त्यात तांदूळ मोजते.
दारूची पहिली खुंटी वरून असते,
तांदळाची खालून.
आम्हा दोघींना पहिली पुरते,
पावना आला तर दुसरी.
वास सागाचाच येतो, असं आई म्हणते.

मी आता त्याच शाळेत इंग्रजी शिकवते.
पेग आला की फळ्यावर खुंटी काढते,
तिला एक दप्तर टांगते.
मागच्या बाकावर कोणीतरी हसतं.
त्याला पाचवा अर्थ येतो.