तिसरा विषय

बी.एस्सी. भाग एक. विषय तीन लिहा.
पहिल्या रकान्यात रसायनशास्त्र, सगळेच लिहितात.
दुसऱ्यात वनस्पतिशास्त्र,
कारण मडावी मॅडम एकदा म्हणाल्या होत्या,
आकृत्या बऱ्या काढते ही.
तिसरा रकाना
मूलच्या एसटीतून उतरल्यापासून कोराच.

मोठेबाबा म्हणतात, नोकरी लागते ते घे.
कोणत्याले लागते, ते त्यांनाही माहीत नाही.
योगिताचं ठरलेलं: नर्सिंग, नागपूर, मावशीची खोली.
ती कडुनिंबाखाली समोसा खाते आहे
आणि दर घासाला माझ्याकडे बघते आहे.

मला काय येतं?
बाबांच्या राइसमिलमध्ये मूठभर धान
तळहातावर चोळून सांगता येतं
पोत्यामागे कणी किती निघेल.
चुकले तर पावभर.
यादी दोनदा वाचली,
त्याचा विषय नाही.

खिडकीतले कोसनकर बाबू म्हणतात,
"पोरी, जेवाची सुट्टी होते आता."
मग फॉर्म स्वतःकडे फिरवतात,
कोऱ्या रकान्यावर अंगठा ठेवून थांबतात.
काही विचारत नाहीत.
कानावरची पेन्सिल काढून पुढे करतात.
"यानं लिही. पंधरा ऑगस्टलोक खोडता येते."

मी लिहिलं, भूगर्भशास्त्र.
यादीतलं शेवटून दुसरं.
इतकं फिकट, की बाबूंनी
कागद उजेडात धरून वाचलं
आणि शिक्का मारला.

परतीच्या एसटीत योगिता म्हणाली,
"मंग काय होनार तू?"
"पंधरा ऑगस्टले सांगतो."
ती हसली. मीही.
गाव आलं तेव्हा कळलं,
पेन्सिल परत द्यायची राहिली.