छत ऐकणारा माणूस

नदी इथं सरळ जातच नाही.
वेअर तिचं नाव. येते, वळसा घालते,
काही विसरल्यासारखी परत मागं बघते.
तिच्या त्या वळशात उभा कडा
आणि कड्यावर हे.

देऊळ म्हणावं तर भिंती किल्ल्याच्या,
किल्ला म्हणावं तर आत मेणबत्त्या.
नॉर्मनांना, मला वाटतं, इथल्या माणसांना
एकाच बांधकामात दोन गोष्टी ऐकवायच्या होत्या :
देव आहे.
आणि आम्हीही आहोत, जाणार नाही.

मी इथली पाथरवट. विनी हेपल.
एकोणीस वर्षं हेच : कुजलेला दगड काढायचा, नवा बसवायचा.
वालुकाश्म दिसतो मधासारखा
पण धूर पितो,
मग त्याचे पापुद्रे सुटतात शिळ्या पावासारखे.
धूर कशाचा? कोळशाचा.
कोळसा कुणाचा?
माझ्या बापाचा. समुद्राच्या तळाखाली
सत्तावीस वर्षं खणत होता तो.
"मी खणलं, त्यांनी जाळलं, आता तू भरतेस," म्हणायचा,
"घरातल्या घरात हिशेब."

आतले खांब म्हणजे बुंधेच.
तिघांनी हातात हात घेतले तरी कवेत येत नाहीत.
एकावर करवतीचे दात,
एकावर शंकरपाळे,
एकावर नांगरल्यासारखी उभी तासं.
तुकडे आधी जमिनीवर कोरले, मग एकावर एक चढवले.
एका माणसाचा हात बोटभर जरी घसरला असता
तर खालची रेघ वरच्या रेघेला
आजतागायत भेटली नसती.

मागच्या दाराशी, फरशीत, एक काळी पट्टी आहे.
बायकांनी इथवरच, असा त्या काळचा नियम.
संताला चालत नसे म्हणे
(संत तेव्हा चारशे वर्षं पेटीत होता,
त्याला कुणी विचारलं कोण जाणे).
पट्टीच्या दगडात कुठल्याशा जुन्या समुद्रातली पोवळी आहेत.
त्यांच्यात मादी कोण, हे भिक्षूंनी तपासलं नव्हतं.
गेल्या हिवाळ्यात तिचे सांधे मीच भरले.
एक गुडघा अलीकडे, एक पलीकडे,
चुना धरेपर्यंत
तशीच.

बाप इथं यायचा तो फक्त जुलैत,
खाणीचा झेंडा आणि बॅण्ड घेऊन, गर्दीतून.
एकदाच आला माझ्याबरोबर, एकटा,
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी. खाण बंद होऊन वर्षं लोटली होती.

वेदीकडे त्यानं पाहिलंच नाही.
आधी वर.
खाणीतला माणूस कुठंही शिरला तरी आधी छत बघतो.
खाली छत बोलतं, त्यानं सांगितलं होतं मला लहानपणी,
आधी कुजबुजतं,
मग लाकडाचा टेकू करकरतो,
मग टोपी राहू द्यायची आणि पळायचं.

वर दगडी फासळ्या एकमेकींना ओलांडून गेलेल्या.
त्यानं काठीनं खांबावर टकटक केलं.
कान लावला.
काळ्या झग्यातला सेवेकरी ऑस्विन ओरडायला म्हणून आला,
आणि का कोण जाणे, नुसताच उभा राहिला.

"कुणी टेकवलंय हे?"
"नाव कुणालाच माहीत नाही. नऊशे वर्षं झाली."
"नाव नाही," बाप म्हणाला,
"म्हणजे मजूरच असणार."
पुन्हा टकटक. पुन्हा कान.
"चांगलं टेकवलंय."

मग त्याला उबळ आली,
ती छातीतली, काळी, नेहमीची.
खोकला वर गेला,
फासळीला लागला,
आणि जरा उशिरा,
जरा स्वच्छ होऊन
खाली आला.
आम्ही तिघंही ऐकत उभे.

बाहेर वारा होता. कड्याखाली नदी
अजून तेच विसरलेलं आठवत होती.
त्यानं चहा मागितला.
दोन चमचे साखर.