पाचातला एक

बामणोलीच्या धक्क्यावर पेटी माझ्या खांद्यावर येते.
निळी. पट्टा उसवलेला, सुतळीनं बांधलेला.
आत बर्फाच्या चार लाद्या, मधे कुपी.
उघडायची मला परवानगी नाही,
मी नुसता वाहणारा.
खेपेचे पैसे मिळतात, तीन महिन्यांनी.

मोहिते सिस्टर पाण्याकडे पाठ करून बसतात.
अकरा वर्षं या पाण्यावर, पोहता येत नाही.
यादीत आज एकच नाव:
ढेबे, मुलगा, नऊ महिने पूर्ण,
मुक्काम पिसाडीचा माळ.
लाँचवाला सदू उतेकर डिझेलच्या काट्याकडे बघतो,
मग सिस्टरकडे,
मग काही न बोलता दोरी सोडतो.

मे महिना. पाणी एवढं मागं हटलंय
की लाँच मधेच थांबते,
पुढं भेगाळलेला गाळ, आणि बुडालेल्या गावाचा
एक उंबरा उघडा पडलेला.
त्याच्यावर पाय न देता आम्ही वळसा घेतो. सवय.

मग चढ. कारवीच्या काड्या, करवंदीचे काटे.
पेटीतून पाणी ठिबकतं माझ्या पाठीवर,
सगळ्या डोंगरात तेवढाच गारवा
माझ्या वाट्याला.

माळावर घराला कडी.
ठकूताई आशा धापा टाकत सांगतात,
"वरल्या झऱ्याला गेलीत, सिस्टर. हितं म्हशींना पानी न्हाई."
आणखी एक तास. बर्फ काही विचारत नाही कुणाला,
वितळत राहतो.

झऱ्यापाशी रामजी ढेबे हात आडवा धरून उभा.
"मागल्या टायमाला दोन दिस तापलं लेकरू.
आता खेळतंय, तर कशाला?"

सिस्टर भाषण करत नाहीत.
दगडावर बसतात, चप्पल काढून काटा शोधतात,
ताक मागतात.
ताक अर्धं झाल्यावर विचारतात,
"म्हशींना लाळ्या-खुरकुताची टोचून घेता का?"
"घेतो की."
"ताप येतो?"
"येतो. एखादा दिस दूध आटतं."
"मग?"

रामजी म्हशींकडे बघतो. म्हशी रवंथ करतात.
त्याची बायको मंजाई पदरात हसते
आणि पोर घेऊन पुढं येते.

गोवराची कुपी पाच पोरांची असते.
एकदा फोडली की चार तास,
मग उरलेलं बाद.
एका पोरासाठी फोडायची का,
असं तिथं कुणी विचारलं नाही.
सिस्टरनी घड्याळ पाहिलं, एक चाळीस,
आणि टोपण उडवलं.

उजवा दंड. एक किंकाळी, दरी ओलांडून गेलेली.
मग चमच्यानं केशरी गोड औषध,
आणि रडता रडता जीभ बाहेर, आणखी हवं म्हणून.
कार्डावर तारीख. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत,
रेशनकार्डाच्या पोटात.

अर्धा तास थांबायचं असतं. थांबलो.
मी कुपीकडे बघत होतो.
चार जणांचं औषध, घ्यायला कुणी नाही.

आमच्या वाडीत गोवर आला तेव्हा
मी सात वर्षांचा.
दाराला कडुलिंब, आत अंधार,
कुणी कुणाच्या घरी जायचं नाही.
त्या साली चौघं गेली.
माझा धाकटा भाऊ बाळकू.
शेलारांचा वामन.
सुताराची चंपी, तिचा झगा पिवळा होता.
चौथी एक मुलगी होती,
तिचं नाव आईला विचारायचं राहूनच गेलं,
आता आईही नाही.

उतरताना पेटी तेवढीच जड.
बर्फाचं पाणी झालं तरी
वजन तेच राहतं.

संध्याकाळी दवाखान्यात कारकून
वहीतून मान वर न काढता विचारतो,
"किती झाली?"
"एक," सिस्टर म्हणतात.
"आणि वाया?"

सिस्टर सांगतात, "चार."
तो लिहून घेतो.
मी पेटी उपडी करून
पायरीवर निथळत ठेवतो.