दिवाडीला पूल नाही

स्वप्नेशनं रविवारी माझ्या लॅपटॉपात चार ब्राउझर भरले,
मेल वाचायचे दोन प्रोग्राम वेगळे,
आणि भजी खाऊन तीनच्या फेरीनं निघून गेला.
जाताना म्हणाला, वापरून बघ मावशी, कुठला जोरात धावतो ते.

जोरात?
सां पेद्रूचा धक्का समोर दिसत असताना
मी पंचावन्न वर्षं फेरीबोटीची वाट बघते आहे.

माझी परीक्षा वेगळी.
पोर्तुगीज जन्मदाखल्यांची भाषांतरं करते मी,
पानाला दीडशे रुपये, शिक्का धरून.
म्हणून प्रत्येकाला आधी एकच शब्द वाचायला दिला:
कुंकळ्ळी.

पहिला तो सगळ्यांचा, दांडगा.
त्यानं दोन्ही ळ एका पाटावर बसवले. कबूल करायला हवं.
दुसऱ्यानं मध्ये पाय मोडून त्यांच्यात भांडण लावलं.
तिसऱ्यानं वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर सोडून दिली,
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चुकलेल्या पोरासारखी.
चौथा कोल्ह्याच्या शेपटीचा. वाचलं त्यानं बरोबर,
पण इतक्या बारीक अक्षरात
की मला उठून खिडकी उघडावी लागली.
तोच ठेवला. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

मग मेलची पाळी.
लिस्बनच्या नोंदणी दप्तरातून आलेलं पत्र:
कायतान कोन्सेसांव, जन्म १९३१.
पोर्तुगीजमध्ये या आडनावाला
खाली एक शेपटी असते, वर एक लाट.
नव्या, चकचकीत प्रोग्रामनं दोन्ही जागी प्रश्नचिन्हं लावली.
मेलेल्या माणसाच्या नावात दोन प्रश्न.
त्याची नात पासपोर्टसाठी दोन वर्षं तेच तर सोडवते आहे:
बाप्तिस्म्याच्या वहीत एक स्पेलिंग, रेशनकार्डावर भलतंच.

दुसरा हळू. करडा.
मामलेदार कचेरीतल्या कपाटासारखा, खण ओढला की कुरकुरणारा.
पण तो पत्रं घरी आणतो.
एरवी मेल म्हणजे पोस्टाच्या खिडकीशी उभं राहून वाचायचं
आणि पत्र परत मास्तरच्या हातात द्यायचं.
तो म्हणणार, आमच्याकडे सुखरूप आहे, काळजी नको,
आणि वाचता वाचता बाजूला चपलांची जाहिरात.
हा गठ्ठा दोरीनं बांधून उंबऱ्याच्या आत ठेवतो.
पिएदादच्या टेकडीवरचा टॉवर झोपला तरी
अकरा वर्षांची पत्रं बॅटरी संपेपर्यंत चाळता येतात.
त्यात पैसे बुडवलेल्या एका वकिलाचीही आहेत.
विसरायची सोय याच्यात नाही.

झाली निवड, असं वाटलं.
सोमवारी सरकारी अर्ज उघडला. वर लाल पट्टी:
हे पान त्या दांडग्या ब्राउझरमध्येच चालेल.
पूल नको म्हणून गावात कागद फिरला होता
तेव्हा मी पहिल्या पानावर सही केली होती, ठळक.
आता अर्जापुरती रोज पुलावरून जाते,
आणि काम झालं की
मागे वळून पावलांचे ठसे पुसते.

तोही हट्टी.
दर सकाळी विचारतो: मला तुमचा नेहमीचा ब्राउझर करणार का?
माझ्यासाठी दोन स्थळं आली होती,
दोन्ही एकदाच विचारून गेली.
मी 'आत्ता नको' दाबते.
खाली 'पुन्हा विचारू नका' अशी एक चौकट आहे.
तिच्यात अजून खूण केलेली नाही.

रात्री फेरीचा भोंगा वाजला तेव्हा
कायतानच्या नातीला करड्या कपाटातून मेल लिहिलं:
लाट सापडली.
शेपटीचं उद्या बघते.