छाट

दर महिन्याच्या सहा तारखेला मी लाल पेन उघडते.
अक्कलकोट रोड एमआयडीसी, पत्र्याचं ऑफिस,
पंखा फिरतो, वारं मात्र लागत नाही.
रजिस्टरवर लिहिलंय 'नुकसान'.
रकाने पाच: गाडी, ड्रायव्हर, काय तुटलं, किती, सही.
का तुटलं, याला रकाना नाही.

लालसाब मुल्ला. बारा चाकी. डावा आरसा.
अठराशे पन्नास.

तो म्हणाला, येमूलबाई, बोरामणीच्या अलीकडं
उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही.
गाडी डावीकडं दाबली, आरसा बोर्डाला घासला.
नसती दाबली तर आरसा वाचला असता.
उसावर एक पोरगं झोपलं होतं.

मी म्हटलं, हे कुठं लिहू?
तो म्हणाला, तुम्हालाच ठाऊक बाई, पेन तुमचं.

शेठ म्हणतात, खिशातनं गेल्याशिवाय हाताला वळण लागत नाही.
शेठ वाईट नाहीत.
लालसाबच्या बायकोच्या ऑपरेशनला वीस हजार दिले रातोरात.
तेही आहेत, याच रजिस्टरच्या मागच्या पानावर,
दरमहा एक हजार, अजून सात बाकी.

आणि सगळेच काही लालसाब नसतात.
नागेश कोरे मोबाइलवर मॅच बघत
सावळेश्वरच्या टोलनाक्यावर खांबाला भिडला.
त्याचे नऊ हजार लिहिताना माझा हात अडला नाही.
आजही अडायचा नाही.

पण मार्च महिन्यातलं मडगार्ड?
टायर गुळगुळीत झालेत, असं लालसाबनं तीनदा लिहून दिलेलं.
तिन्ही चिठ्ठ्या मीच पिन मारून फायलीत लावल्या.
टायर फुटला मोहोळजवळ, भर दुपारी, डांबर पातळ झालेलं,
फुटता फुटता मडगार्ड घेऊन गेला.
टायर कंपनीच्या नावावर पडला,
मडगार्ड लालसाबच्या.
असा भाऊबंदकीचा वाटा मी स्वतःच्या अक्षरात लिहिला.

माझा नायना मागावर चादर विणायचा.
धागा सुटला, मोर वाकडा आला,
की मालक त्या चादरीचे पैसे कापायचा
आणि चादर अंगावर फेकायचा, ने म्हणायचा.
आम्ही चौघं भावंडं वाकड्या मोरांखाली वाढलो.
थंडी त्यांनाही तेवढीच भीत होती.

अम्मा विड्या वळायची.
कारखान्यात चेकर मूठभर विड्या बाजूला सारायचा: छाट.
त्यांची मजुरी नाही. आणि विड्याही परत नाहीत.
कुठं जायच्या त्या? अम्मानं कधी विचारलं नाही.
सुपात पानं भिजवत एकदा एवढंच म्हणाली,
वाईट होत्या तर ठेवून का घेतात?

हा प्रश्न मी तीस वर्षं घेऊन बसले होते
आणि कालपर्यंत मला वाटायचं, तो विड्यांचा आहे.

काल लालसाबनं सही केली, उर्दूत, एका झटक्यात.
पेन परत दिलं. गेला नाही.
मग म्हणाला,
बाई, आरशाचे पैसे मी भरले.
मग आरसा माझा ना?

आरसा मागं भंगारात पडलेला,
जॅकच्या शेजारी, काचेला तीन चिरा.
शेठ केबिनमधून हसले. ने रे बाबा. काय करणार त्याचं?
लालसाब म्हणाला, दाढी.

गेटपासशिवाय खिळाही बाहेर जात नाही आमच्याकडं.
गेटपासवर रकाने तीन: माल, नग, मालक.
आरसा, डावा, फुटका. नग एक.
तिसऱ्या रकान्याशी मी थांबले.
शेठचा फोन चालू होता.
लाल पेन ठेवलं, निळं घेतलं,
लिहिलं: लालसाब इमामसाब मुल्ला, मु. पो. वळसंग.

वॉचमननं तो कागद दोनदा वाचला,
एकदा उन्हात धरून.
मग साखळी खाली केली.